पूर्वेला पाणी आहे

प्रिय पोरी,

तुझा फोटो पाहिला. शिकागोच्या मॉन्ट्रोज बंदराच्या धक्क्यावर तू उभी आणि पाठीशी काळाकभिन्न ढग. फोटो झकास. जागा मात्र साफ चुकली.

ओक्लाहोमा-कॅन्ससकडे वादळांचा पाठलाग करणाऱ्यांना शिकवतात की सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारं दांडगं गडगडाटी वादळ, ईशान्येला सरकत असेल तर त्याच्या आग्नेयेला थांबावं. तिथून टोर्नॅडो दिसतो, गारांचा मारा चुकतो आणि वेळ आलीच तर दक्षिणेला निसटता येतं. तू तेच घोकून आलीस. पण इथे वादळं बहुतेक पश्चिमेकडून येतात आणि पूर्वेला मिशिगन सरोवर पसरलंय. पळायची अर्धी दिशा आधीच पाण्यात गेली! काठावरच्या वॉकीगनजवळ मी एकदा असाच सापडलो होतो. एकीकडे पाणी, दुसरीकडे गारा, पुढे सिग्नलला तुंबलेल्या गाड्या. गाडीच्या काचेवर निभावलं. तेव्हापासून मी पश्चिमेला डिकॅल्बच्या बाजूला मक्याच्या शेतांत थांबतो. तिथले रस्ते सोंगट्यांच्या पटासारखे काटकोनात आहेत. वादळ शहरात शिरलं की त्याला रामराम.

आता सरोवराची खोडी ऐक. मे महिन्यात काठावर स्वेटर लागतो, तेव्हा आत नेपरव्हिलला घामाच्या धारा असतात. दुपारी ही गार हवा जमिनीकडे सरकते. तिच्यावर आलेलं वादळ बरेचदा मलूल होतं, म्हणून इथले लोक म्हणतात, सरोवर शहराला राखतं. अर्धवट खरं आहे ते. गार हवेची कड उबदार हवेला भिडते तिथे हवा वर ढकलली जाते आणि नवं वादळ नेमकं तिथेच उठू शकतं. रोमिओव्हिलच्या रडारवर ही कड बारीक रेघेसारखी दिसते. आकाश निरभ्र असलं तरी ती रोज बघत जा.

२८ ऑगस्ट १९९० ला शिकागोजवळच्या प्लेनफील्डवर एफ-५, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचा टोर्नॅडो आला, २९ माणसं गेली. तो पावसात असा गुरफटलेला होता की त्याचा एकही फोटो उपलब्ध नाही. फोटोवेड्या माणसाने हे ध्यानात ठेवावं.

आणि तू उभी होतीस त्या धक्क्याबद्दल. २६ जून १९५४ ला सकाळी वादळांची एक रांग सरोवर ओलांडून गेली. तिने ढकललेलं पाणी पलीकडच्या काठावर आपटून परत फिरलं आणि तासाभराहून जास्त वेळाने शिकागोच्या काठावर चढलं. तोवर वादळ कधीच पुढे गेलं होतं. मॉन्ट्रोजला लोक निवांत मासे पकडत होते. त्या दिवशी शहरात आठ जण बुडाले. वळीव ओसरला की आपण अंगणात गारा वेचायला धावायचो ना, ती सवय इथे काढून टाक.

वसंतात राष्ट्रीय हवामान सेवेचे स्कायवॉर्नचे, म्हणजे वादळ ओळखून कळवायला शिकवणारे वर्ग असतात, फुकट. नाव घाल. पहिल्या फेरीला स्टिअरिंग माझ्याकडे, रडार तुझ्याकडे. कॅमेरा डिकीत.

तुझा,
काका