मुलगा ‘करून शिकणारा’ निघाला, आता क्लास बदलू का?

नेरूळहून आठवीतल्या मुलाला घेऊन आईवडील आले होते. सोबत बोटांच्या ठशांवरून काढलेला जाडजूड रिपोर्ट: शारीरिक बुद्धिमत्ता जास्त, भाषिक कमी. आई म्हणाली, “मॅडम, क्लासमध्ये सर नुसतं फळ्यावर शिकवतात. याला करून बघायला मिळेल असा क्लास शोधू का?” आठवी-नववीच्या पालकांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते.

आधी ठशांबद्दल. ते बाळ पोटात असतानाच उमटतात. त्यावरून अभ्यासाची पद्धत ठरवायला शास्त्रीय आधार नाही. रिपोर्टमधली ‘शारीरिक’, ‘भाषिक’ ही विभागणी बहुविध बुद्धिमत्तांच्या विचारातली, म्हणजे बुद्धिमत्ता एकच नसून अनेक प्रकारची असते. तो हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडला. पण बुद्धिमत्ता वेगळी आणि शिकण्याची शैली (वाचून, ऐकून की करून) वेगळी, हे पुढे त्यांनीच स्पष्ट केलं. आवडत्या शैलीत शिकवलं की जास्त समजतं, याला २००८ च्या एका मोठ्या संशोधन-आढाव्यातही पुरेसा पुरावा मिळाला नाही.

मला खरी काळजी वाटली ती मुलाच्या बोलण्याची. “मी वाचून शिकणाऱ्यातला नाहीच,” असं तो ठामपणे म्हणाला. रिपोर्ट येण्याआधी तो निदान प्रयत्न तरी करायचा, असं वडील सांगत होते.

भूगोलात ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’ त्याला अडलं होतं. मी टॉर्च धरला, चेंडू त्याने फिरवला. पूर्वेकडे आधी उजाडतं हे लगेच कळलं. पण गणित तेवढ्याने सुटत नाही. म्हणून धडा वाचायला लावला: एका रेखांशाला चार मिनिटं, भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची. नवी मुंबई साधारण ७३° पूर्वेला. फरक साडेनऊ अंशांचा. वहीत साडेनऊ गुणिले चार मांडलं, उत्तर ३८ मिनिटं. “म्हणजे आपली खरी वेळ घड्याळाच्या मागे?” तो उडालाच! मग पुस्तक मिटून त्याने सगळं बाबांना समजावलं.

चेंडू, वाचन, आकडेमोड, बोलणं, सगळंच त्या धड्याला लागलं. भूमितीतली रचना कंपास हातात घेऊनच शिकायची, कविता मोठ्याने म्हणायची. मूल कोणत्याही ‘प्रकारातलं’ असो, विषय जे मागतो ते त्याला द्यावंच लागतं.

क्लास बदलू नका, असं मी सांगितलं. कबड्डी त्याला मनापासून आवडते, ती मात्र अजिबात थांबवू नका. भूगोल आता बरा चाललाय. मराठीचा उतारा अजून अडखळतो, म्हणून सध्या रोज एक परिच्छेद वाचून, पुस्तक मिटून तो स्वतःच्या शब्दांत लिहितो.