वादळ समुद्रातच विरलं, मग पाऊस आमच्याकडे का?

दिवाळीच्या आगेमागे अरबी समुद्रात कमी दाब तयार झाला की आमचे फोन वाजायला लागतात. नेहमी येणाऱ्या प्रश्नांना इथे एकत्रच उत्तर देतो.

नारायणगावकडचे द्राक्ष बागायतदार विचारतात, "बातम्यांत सांगतात वादळ ओमानकडे गेलं, वाटेतच विरलं. मग आमच्या बागेवर तीन दिवस ढग आणि भुरभुर कशाची?"

मुळात ते बहुतेक वेळा वादळ नसतंच. वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेपर्यंत हवामान खातं त्याला डिप्रेशन म्हणतं, ५० ते ६१ झाला की डीप डिप्रेशन. ६२ च्या पुढे गेलं तरच चक्रीवादळ, आणि नाव मिळतं तेही तेव्हाच. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असलं की वाफेवर ते पोसलं जातं. पुढे वरच्या थरातले वारे त्याचे ढग एका बाजूला ओढतात, अरबस्तानाकडून कोरडी हवा आत घुसते आणि ते समुद्रातच ढेपाळतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. आपल्या गोलार्धात हे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. केंद्र खोल समुद्रात असलं तरी आपण त्याच्या पूर्व अंगाला पडतो, आणि त्या अंगाला वारा दक्षिणेकडून दमटपणा घेऊन वर येतो. वरचे पश्चिमी वारे तुटलेले ढगही आपल्याच दिशेने ढकलतात. म्हणून वादळ मेलं तरी त्याची ओल पुण्यापर्यंत पोचते. अंगावर येणारं वादळ वेगळं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगड किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याने मावळातली पॉलिहाऊस फाडली. दुबळ्या वादळात वाऱ्याची भीती कमी, बुरशीची जास्त.

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (नुकताच फुटलेला कोंब) ते फुलोरा या काळातल्या बागेला पान ओलं राहणं सगळ्यात महागात पडतं, कारण डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाच्या बुरशीला, तेवढंच हवं असतं. पाऊस यायच्या आधी, पान कोरडं असताना, मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य बुरशीनाशक मारून ठेवा. पाऊस पडून गेल्यावर धावपळ करणाऱ्यांचा खर्च दुप्पट होतो, हे मी दरवर्षी बघतो. पाऊस थांबताच ब्लोअरने नुसती हवा मारून पानांवरचं पाणी झटका. दाट फुटी काढा, नत्र थांबवा. छाटणी राहिली असेल तर चार-पाच दिवस थांबलात म्हणून काही बिघडत नाही. बागा निर्यातीच्या असतील तर औषध निवडताना पुण्याजवळ मांजरी गावात असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी बघा, दुकानदाराची नको.

मावळातून विचारणा असते, "इंद्रायणी भात कापणीला आलंय. आवरून घेऊ का थांबू?"

दोन दिवस कोरडे मिळणार असतील आणि माणसं हाताशी असतील तरच विळा लावा. उभं भात एक पाऊस सोसतं. कापून शेतात पसरलेलं सोसत नाही, लोंबीतच दाण्याला मोड येतात. कापून झालं असेल तर बांधावर उंचवट्याला उडवी (पेंढ्यांचा ढीग) रचा, लोंब्या आतल्या बाजूला ठेवा, वर ताडपत्री टाका. खाचरातलं पाणी आधीच सोडून द्या.

कांद्याचं थोडक्यात सांगतो. गादीवाफ्यांच्या सऱ्या मोकळ्या ठेवा, लागण दोन-तीन दिवस लांबवा, ढगाळ हवेत युरिया टाकू नका. करपा या बुरशीजन्य रोगासाठी १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम मॅन्कोझेब आणि सोबत स्टिकर, म्हणजे औषध चिकटवणारं द्रावण; स्टिकर विसरलात तर कांद्याच्या गुळगुळीत पातीवर औषध थांबतच नाही.

शिरूरच्या एका मेंढपाळ दादांचा प्रश्न मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. "पाऊस थोडाच असतो म्हणता, मग मेंढरं का दगावतात?"

दादा, १ आणि २ डिसेंबर २०२१ आठवा. तेव्हाही समुद्रात नाव मिळालेलं वादळ नव्हतं, नुसता कमी दाब आणि त्याला उत्तरेकडच्या पश्चिमी झंझावाताची जोड. पण जुन्नर, आंबेगाव, शिरूर पट्ट्यात उघड्यावरची मेंढरं मोठ्या संख्येने गेली. मारलं ते एकट्या पावसाने नाही. लोकर भिजली, वर गार वारा सुटला, रात्रभर आडोसा नव्हता, त्याने घात केला. इशारा आला की लोकर कातरणं पुढे ढकला. मेंढरांचा वाडा ओढ्याकाठी किंवा मोकळ्या माळावर न बसवता वाऱ्याला आड असलेल्या उंच जागी बसवा. झाडाखाली मात्र नको, वीज पडते. कोकरांना आधी आत घ्या, पोटभर कोरडा चारा द्या. गावातली शाळा, मंदिराचा मंडप, रिकामं गोदाम, जे मिळेल ते सरपंचांना आजच विचारून ठेवा. काही दगावलंच तर पुरायच्या आधी फोटो काढा आणि तलाठ्यांना व पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पंचनामा अडत नाही.

शेवटचा प्रश्न दौंडहून, आणि तो जरा आनंदाचा: "ज्वारी उगवून आलीय, हा पाऊस लाभेल का?"

लाभेल. जिरायत ज्वारी-हरभऱ्याला ही ओल म्हणजे फुकटचं पाणी. फक्त पाणी साचू देऊ नका, आणि वापसा आला, म्हणजे माती मशागतीजोगी सुकली, की लगेच कोळपं घाला.