उन्हाळ्याच्या वीजबिलाची तजवीज : वाचकांचे प्रश्न

(पुढचे हिशेब महावितरणच्या सिंगल फेज घरगुती ग्राहकासाठी, २०२४-२५ च्या दरपत्रकावरून केले आहेत. वीज आकार पहिल्या १०० युनिटला ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५, वहन आकार प्रत्येक युनिटला १.१७; स्थिर आकार महिना १२८ रुपये; या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, म्हणून धरलेला नाही. आपल्या ताज्या बिलावरचे दर घालून हीच आकडेमोड करावी. मुंबईत बेस्ट, टाटा आणि अदानीच्या ग्राहकांचे दर वेगळे असतात.)

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त. डिसेंबरचं बिल नऊशेच्या आत असतं, मे महिन्यात तेच साडेतीन हजारांकडे जातं. पेन्शन ठरलेली. हा भार वर्षभर सारखा कसा वाटावा? बारा महिन्यांची युनिटं सोबत पाठवत आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : यादी पाठवलीत हे बरं केलंत. इतरांनी ती आपल्या बिलावरच्या मागील वीज वापराच्या तक्त्यातून घ्यावी. तिथे रुपये नसतात, युनिटं असतात, आणि आपल्याला तीच हवीत.

तुमची वर्षाची बेरीज २,००५ युनिट येते. एकाही महिन्यात वापर १०० च्या खाली गेलेला नाही आणि ३०० च्या वर चढलेला नाही, त्यामुळे हिशेब सोपा आहे. स्थिर आकार आणि पहिली १०० युनिटं मिळून महिन्याला ८३१ रुपये होतात. त्यावरचं प्रत्येक युनिट शुल्कासह १३.२९ रुपयांना पडतं. मे महिन्यातल्या २९० युनिटांचे ३,३५६ रुपये होतात, डिसेंबरातल्या १०५ युनिटांचे ८९७. वर्षाचे सुमारे २०,७०० झाले. दरवाढीसाठी दहा टक्के वर धरून बाराने भागलं की महिन्याला १,९०० रुपये.

ही रक्कम पेन्शन जमा होते त्याच दिवशी वेगळ्या बचत खात्यात वळती करा आणि वीजबिल फक्त त्याच खात्यातून भरा. महावितरणकडे आगाऊ रक्कम भरता येते, ती पुढच्या बिलातून वजा होते. पण अचानक गरज पडली तर ती चटकन हाती येत नाही. खातं बरं. सुरुवात जुलैत केली तर पुढच्या जूनपर्यंत मेळ बसतो. ऑक्टोबरात केली आणि दर खरंच दहा टक्क्यांनी वाढले, तर जूनमध्ये साडेपाचशेच्या आसपास कमी पडतील. तेव्हा फेब्रुवारीपर्यंतचे पाच महिने २,००० ते २,१०० टाका.

पैसे बाजूला असले की आणखी एक छोटा फायदा मिळतो. बिलावर देय दिनांकाच्या अलीकडची एक तारीख छापलेली असते. तोपर्यंत भरलं की जवळपास एक टक्का सूट मिळते. देय दिनांक चुकला तर उलट सव्वा टक्का विलंब आकार लागतो. छापील बिल बंद करून ई-मेलवर घेतलं की वर्षाला १२० रुपये वाचतात. मात्र मेल उघडून बघायची सवय नसेल तर या फंदात पडू नका, मेच्या बिलावरच्या एका विलंब आकारात त्यातला तिसरा हिस्सा जाईल.

प्रश्न : एप्रिलमध्ये नेहमीच्या बिलाबरोबर आणखी एक बिल आलं. ही दुबार वसुली आहे का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : नाही. ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांप्रमाणे ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी लागते. आर्थिक वर्ष संपलं की मागच्या वर्षाचा वापर बघून ती नव्याने ठरते आणि फरक मागितला जातो. वरच्या सातारच्या वाचकांचं सरासरी बिल १,७२० धरलं तर ठेव ३,४४० हवी. जमा २,२०० असेल तर मागणी १,२४० ची येईल, आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर. ही रक्कम हप्त्यांनी भरण्याची सोय मिळते, कार्यालयात विचारा. ठेवीवर दरवर्षी व्याज मिळतं आणि ते बिलात वजा होतं. ती नोंद दिसली नाही तर मागच्या ठेवीच्या पावत्या घेऊन जा. जुनं घर विकत घेतलेल्यांच्या बाबतीत ठेव बहुधा अजून आधीच्या मालकाच्या नावावर असते, त्यामुळे नाव बदलताना तिचाही निकाल लावून घ्यावा.

प्रश्न : ३०० च्या पुढे एक युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, हे खरं का? – एक वाचक, परभणी

उत्तर : अजिबात नाही. ३१० युनिट झाली तर फक्त शेवटच्या दहांना वरचा दर लागतो, शुल्कासह युनिटमागे १८.२४ रुपये. मात्र त्याचा दुसरा अर्थ ध्यानात घ्या : घरात वाचवलेलं युनिट नेहमी या वरच्या टोकाचंच असतं. सरासरी दराने बचत मोजणारे म्हणूनच फसतात.

प्रश्न : पाच पंखे आहेत, सगळे जुने. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) पंखे परवडतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पाचही एकदम बदलू नका. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी २८ ते ३०. रोज पंधरा तास फिरणाऱ्या पंख्यामागे महिन्याला २१ युनिटं वाचतात. तुमचा वापर १०० ते ३०० मध्ये असेल तर हे २८० रुपये झाले, म्हणजे तीन हजारांचा पंखा अकरा महिन्यांत फिटतो. पाहुण्यांच्या खोलीतला, दिवसाला दोन तास फिरणारा पंखा फिटायला सहा-सात वर्षं लागतील. तो आहे तसाच राहू द्या. ज्यांचा वापर १०० च्या आतच असतो त्यांना युनिटमागे ६.८२ रुपयेच वाचतात, त्यांचा काळ दुप्पट धरा.

बसवताना एक चूक हमखास होते. वायरमन भिंतीवरचा रेग्युलेटर तसाच ठेवून पंखा जोडतो. बीएलडीसी पंख्यात वेग कमी-जास्त करणारं सर्किट पंख्यातच असतं. बाहेरच्या रेग्युलेटरमधून त्याला तुटक वीज मिळाली की पंखा गुणगुणतो, अडखळतो, आणि शेवटी सर्किट जळतं. तिथे वॉरंटीही हात वर करते. रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करून घ्या, वेग रिमोटने बदला.

प्रश्न : सिलिंडर महाग झाला. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर न्यावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी महिन्याची युनिटं बघा. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्यात उतरते, इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्के. त्यामुळे एका सिलिंडरचं काम करायला इंडक्शनला साधारण १२५ ते १३० युनिटं लागतात. हा वापर नेहमीच्या वापराच्या डोक्यावर बसतो, म्हणून त्याला १३.२९ चा दर लावा : सतराशे रुपये. सिलिंडर साडेआठशेच्या आसपास असेल तर हा सरळ तोटा आहे. ज्यांच्या छपरावर सौर पॅनेल आहे आणि वीज शिल्लक राहते त्यांना इंडक्शन जरूर घ्यावं. बाकीच्यांनी सिलिंडर संपल्यावरच्या दोन दिवसांसाठी आणि दूध तापवायला ते ठेवावं, आणि डाळ-तांदूळ भिजवून कुकरला लावावेत. गॅस वाचवायला तेवढं बरंच आहे.

प्रश्न : वापर तोच, पण दोन महिन्यांत बिल दुप्पट झालं. मीटर पळतो आहे असं वाटतं. काय करावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : आधी बिलावरचं चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहा. घर बंद होतं म्हणून सरासरीचं बिल आलं असेल तर पुढच्या बिलात मागची युनिटं एकदम येतात. तशी आली तर प्रत्येक महिन्याचा स्लॅब वेगळा धरून हिशेब झाला आहे ना, ते बघा.

रीडिंग बरोबर असेल तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. शेजारी ३२०० imp/kWh असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला ३,२०० लुकलुक. घरातला मेन स्विच पाडा. तरी दिवा लुकलुकला तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कोणीतरी जोडलेलं आहे किंवा वायरची गळती आहे. मेन चालू, पण सगळी उपकरणं बंद ठेवून लुकलुकला तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती असेल, किंवा सेट टॉप बॉक्ससारखं काही चालू राहिलं असेल. तिसरी पायरी : फक्त १००० वॅटचा पाणी तापवायचा रॉड प्लॅस्टिकच्या बादलीत बुडवून चालू करा (चालू असताना पाण्याला हात नको) आणि एक मिनिट मोजा. मीटर ३,२०० चा असेल तर लुकलुक ५३ च्या आसपास यायला हवेत. व्होल्टेजमुळे पाच-सहा इकडेतिकडे होतील. सत्तर आले तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा, शुल्क भरा आणि पोच घ्या.

दरम्यान बिल थकवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वीज तोडता येत नाही. ‘निषेधासह’ असं अर्जात स्पष्ट लिहा. तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हेही त्याच कलमात आहे. तेव्हा ‘आज रात्री साडेनऊला वीज बंद, या नंबरवर फोन करा’ असा मोबाइलवर आलेला संदेश भामट्यांचा समजा आणि त्यातल्या लिंकला हात लावू नका. अर्जाला उत्तर मिळालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं, आणि तिथला निकाल पटला नाही तर विद्युत लोकपालांकडे.