गोळी डॉक्टरांनीच दिलेली, मग व्यसन कसं?

"मॅडम, दारू नाही, गांजा नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतात, त्याला व्यसन कसं म्हणायचं? आणि कंपनीत कळलं तर नोकरी राहील का?" जळगावात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बायका हे दोन प्रश्न बहुतेक एका दमात विचारतात. उत्तर म्हणून एका जोडप्याचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना भाऊ आणि वहिनीच म्हणते.

भाऊ अमळनेरकडचे, एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मशीनवर. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून नळी ओढायची, ती गुंडाळायची आणि पुढे विणायला पाठवायची. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. मोटरसायकल घसरून पडले आणि कंबर धरली. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, एका गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक, आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. पुन्हा दाखवायला गेले असते तर खाडा पडला असता, म्हणून जुनीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवली आणि गोळी मिळाली. खरं तर मिळायला नको होती. ट्रामाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. पण ओळखीच्या दुकानात एवढं कोण विचारतं?

वहिनी पहिल्यांदा आल्या त्या गोळीसाठी नाही, भांडणासाठी. नवरा पोरांवर खेकसतो, जेवताना डुलक्या घेतो, पगार पुरत नाही. मी दोन बैठका संसार, पैसा आणि रात्रपाळी यांवरच घालवल्या. औषधं काय चालू आहेत, हे विचारलंच नाही. ती माझी चूक. त्यानंतर समोर येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन या.

मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास वहिनींना डब्याच्या पिशवीच्या तळाशी रिकामी पाकिटं सापडली, आणि त्याखाली भरलेली. त्यांनी सगळी गटारीत टाकली. दुसऱ्या दिवशी भाऊंना दरदरून घाम, जुलाब, हातापायांत कळा, अंथरुणावर नुसती तळमळ. जळगावचा मे महिना, पारा ४४-४५ अंशांवर. सगळं घर म्हणालं, ऊन लागलं. सासूबाईंनी कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. मी विचारलं, "नाक गळतंय का? जांभया? अंगावर काटा?"

"हो, डोळ्यांतून पाणीसुद्धा. तुम्हाला कसं कळलं?"

उन्हाने नाक गळत नाही. रोजची गोळी अचानक बंद झाल्यावर शरीर असं मागणी करतं. त्याच संध्याकाळी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे आणखी एक गोष्ट निघाली. रात्रपाळीनंतर दिवसा झोप लागावी म्हणून भाऊ अल्प्राझोलामही घेत होते, सोबत काम करणाऱ्याने दिलेली. तीही त्याच गटारीत गेली होती. रोज घेतली जाणारी झोपेची गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, हे घरच्यांना माहीत नसतं. ट्रामाडॉलनेही जास्त मात्रेत फिट येते, आणि दोन्ही गोळ्या मिळून श्वास मंदावतो. म्हणून कळकळीने सांगते: रागाने, प्रेमाने, कशानेही गोळ्या फेकू नका. त्या मोजा आणि पाकिटासकट डॉक्टरांकडे न्या. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या हातूनच, थोड्या थोड्या.

भाऊ माझ्यासमोर बसले तेव्हा मान खाली होती. "मी काही दारू पेत नही ताई. गोयी शे, डॉक्टरनी देयेल शे." मी विचारलं, डॉक्टरांनी दिवसाला किती सांगितल्या होत्या? दोन. आता किती? बारा. बारा गोळ्यांत ४५० मिलिग्रॅम ट्रामाडॉल होतं, मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे. पॅरासिटामॉलही ४ ग्रॅमच्या काठावर गेलेलं, म्हणजे यकृताला धोका. मग विचारलं, सुट्टीच्या दिवशी कंबर दुखत नसली तरी घेता? बराच वेळ ते गप्प राहिले. "ना घेतली ते हात-पाय चालत नहीत."

माझ्या लेखी उत्तर तिथे मिळालं. पहिली चिठ्ठी कोणी लिहिली, याला फार अर्थ उरत नाही. दुखण्यासाठी सुरू झालेली गोळी आता उठून कामावर जाण्यासाठी लागते का, सांगितल्यापेक्षा जास्त लागते का, लपवून घ्यावी लागते का, हे बघायचं. यात चारित्र्याचा प्रश्न नाही. शरीराला सवय लागते, तेवढ्याने भागेनासं होतं आणि मात्रा चढत जाते.

कामावर मात्र घरच्या आधी दिसायला लागलं होतं. गोळी घेतल्यावर तासभर भाऊ उत्साहात, नंतर नजर जड. रंगाचा दाणा चुकून एक अख्खा लॉट भंगारात गेला. एकदा हातमोजा फिरत्या रिळात ओढला गेला. बोट वाचलं, कारण शेजारच्याने बटण दाबलं. सगळ्यांना वाटलं, रात्रपाळीचा थकवा. जिथे वितळलेलं प्लॅस्टिक २०० अंशांच्या आसपास असतं आणि रीळ फिरत असतं, तिथे अर्ध्या सेकंदाचा उशीर फार महाग पडतो.

म्हणून कंपनीत सांगावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे. काय झालंय ते सगळं सांगायची गरज नाही, पण मशीनवर उभं राहण्याबाबत लपवू नये. मी स्वतः कोणाच्या मालकाला फोन करत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, आणि दारू व अमली पदार्थांच्या गैरवापरातून येणारे मानसिक त्रासही त्या कायद्यात धरले आहेत. डॉक्टरांच्या पत्रात एवढंच होतं: उपचार चालू आहेत, दोन महिने रात्रपाळी आणि चालतं मशीन नको. भाऊ आणि वहिनी दोघं मिळून मॅनेजरकडे गेले. भाऊंना पॅकिंगला बसवलं. ओव्हरटाइम बुडाला आणि त्या महिन्यांत वहिनींनी शिवणकाम वाढवलं. प्रत्येक मालक असा वागेलच असं मी म्हणणार नाही. पण हात गेल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगणं बरं.

कंबरेसाठी फिजिओथेरपी सुरू झाली, ती पहिल्या महिन्यातच व्हायला हवी होती. मधे एकदा पाय घसरला, लग्नाच्या धावपळीत चार गोळ्या घेतल्या. त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं. ज्यांना जवळपास कोणी मिळत नाही त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

गेल्या महिन्यात भाऊंची दाढ काढायची होती. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दाताच्या डॉक्टरांना आधीच सांगितलं, दुखण्यावर काहीही द्या, पण ट्रामाडॉल नको, मला त्याची सवय लागली होती. वहिनी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांना ते आतून ऐकू आलं.