४० फुटी ट्रेलर बॅक घेताना दर वेळी घोडा दुमडतो, नीट कसं शिकायचं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं दहा टायरी (सांधा नसलेला अखंड ट्रक) चालवली, आता ४० फुटी कंटेनरच्या ट्रेलरवर बसलाय आणि चिंचोळ्या एमआयडीसीत गोदामाला मागून लावताना घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, दर वेळी ट्रेलरकडे दुमडतो. स्टेअरिंग उलटं फिरवायचं हे कळतंय, तरी जमत नाही.

उलटं फिरवणं तुम्हाला जमतंय, म्हणून तर ट्रेलर वाकतोय. चुकतंय ते त्याच्या पुढचं. दहा टायरीत स्टेअरिंग सरळ केलं की गाडी वळायची थांबते. ट्रेलरमध्ये तसं होत नाही. ट्रेलर एकदा वाकला की स्टेअरिंग सरळ धरून नुसतं मागे रेटलं तरी वाक वाढतच जातो, कारण घोडा किंगपिनला, म्हणजे ट्रेलर ज्या खिळीवर जोडलेला असतो तिला, बाजूने ढकलत असतो. पुढे चालताना हाच ट्रेलर आपोआप सरळ होतो, मागे जाताना आपोआप मोडतो. म्हणजे वाक आहे तेवढाच ठेवायचा असला तरी उलटी काट (वाकवायला स्टेअरिंग फिरवलं त्याच्या विरुद्ध बाजूला फिरवणं) द्यावी लागते, आणि कमी करायचा असला तर त्याहून जास्त. नवीन माणूस स्टेअरिंग सरळ करतो, आता काय होतंय ते आरशात बघत बसतो, आणि तेवढ्यात वेळ निघून जाते.

गावाकडे ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली कधी मागे घेतली असेल तर हे हाताला माहीत आहे. ट्रॉलीची दांडी आखूड, म्हणून ती पटकन फिरते. ट्रेलरचंही तेच: किंगपिनपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर जितकं जास्त तितका तो उशिरा वाकतो. त्यामुळे २० फुटी ट्रेलरपेक्षा ४० फुटी शिकायला उलट सोपा. (उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर सहसा कुणी मागे घेत नाही, मागची ट्रॉली सोडतात. दोन सांधे एकदम सांभाळणं हे वेगळंच प्रकरण आहे.)

डोक्यात एकच नियम ठेवा: ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला, त्याच बाजूला स्टेअरिंग फिरवा, वाक कमी होतो. सरळ मागे जाताना हाच नियम, वळवून झाल्यावर घोडा ट्रेलरच्या रेषेत आणतानाही हाच. आणि मुद्दाम वळवायचं असेल तेव्हा हात स्टेअरिंगच्या तळाशी, घड्याळात ६ असतात तिथे धरा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्या. उजवं-डावं उलटं करून विचार करायची गरजच उरत नाही.

सरावाला मुरमाची किंवा काँक्रीटची रिकामी जागा बघा, जागेच्या मालकाला विचारून. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर घोडा नेऊ नका, मागची चाकं रुतली की क्रेनच लागते. ट्रेलर रिकामा घ्या. चाळीस फुटी ट्रेलर घोड्यासकट १६-१७ मीटरच्या आसपास भरतो, तेव्हा समोर निदान ३० मीटर मोकळे हवेत. खुणेला जुने ऑइलचे डबे पुरतात. डब्यांच्या दोन रांगांमधली रुंदी आधी ४ मीटर ठेवा, हात बसला की साडेतीन.

पहिले चार-पाच दिवस फक्त सरळ मागे जायचं, ५० मीटर. कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. रिव्हर्सला टाकून क्लच पूर्ण सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय नको. सपाट जमिनीवर आयडलवर गाडी चालते. हाफ क्लचवर रांगत राहिलात तर दहा मिनिटांत जळका वास येईल आणि क्लचप्लेटचा खर्च वेगळा. काट पाव ते अर्धा फेरा, त्याहून जास्त नको. काट दिल्यावर ट्रेलर लगेच ऐकत नाही, मीटर-दीड मीटर गेल्यावर हलतो. इथेच घाई होते: काही झालं नाही असं वाटून आणखी फिरवलं जातं, आणि मग दोन्ही काटांचा परिणाम एकदम येतो. थोडी काट द्या, ट्रेलर हलायला लागला की लगेच परत आणा. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवू नका, पुढचे टायर घासतात आणि पॉवर स्टेअरिंगवर ताण येतो.

हे जमलं की ड्रायव्हर साइडचा काटकोन. आपली बैठक उजवीकडे, म्हणून गोदामाचं दार उजव्या हाताला येईल असंच नेहमी या. दारांच्या रांगेला समांतर, ३ मीटर अंतर ठेवून पुढे जा. तुमची खिडकी ठरलेल्या दाराच्या पुढे गेली की डावीकडे काट देऊन बाहेर निघा, मग उजवीकडे फिरवून घोडा आणि ट्रेलर एका रेषेत आणा. थांबाल तेव्हा गाडी रांगेशी साधारण ४५ अंशांत तिरकी आणि शेपूट दाराकडे बघत असलं पाहिजे. निम्मं काम इथेच होतं. ही तिरकी मांडणी चुकली असेल तर मागे घ्यायला सुरुवातच करू नका, पुन्हा फिरून या.

आता मागे. स्टेअरिंग डावीकडे, शेपूट उजवीकडे जायला लागेल. नजर उजव्या आरशात, ट्रेलरच्या शेवटच्या चाकांवर. कंटेनरच्या कोपऱ्याकडे नको, कारण ट्रेलर चाकांभोवती फिरतो. डाव्या आरशातून ट्रेलर गायब होईल, तो तसाच होणार. घोडा आणि ट्रेलरमधला कोन ३० अंशांच्या आसपास आला की थांबायचं नाही, चालत्या गाडीतच स्टेअरिंग उजवीकडे न्यायला लागायचं. ट्रेलर दाराच्या रेषेत आल्यावर नव्हे, येण्याच्या आधी. तिथपर्यंत वाट पाहिली तर घोडा रेषेत येईपर्यंत शेपूट पलीकडे गेलेलं असतं. ही उलटी काट मोठी लागते, कधी पूर्ण. त्या वेळी घोड्याचं नाक डावीकडे रुंद फिरतं, आणि समोरच्या रांगेत उभ्या गाडीला क्लीनर साइडचा बंपर इथेच लागतो. सगळं लक्ष मागे असतं ना.

कोन ६० अंशांच्या पुढे गेला तर प्रयत्न सोडून द्या. पुढे १० मीटर घ्या, सरळ व्हा, परत या. त्या कोनात उलटी काट द्यायला स्टेअरिंगच शिल्लक नसतं. तरीही रेटत राहिलं तर घोड्यातून ट्रेलरच्या ब्रेकला जाणारे हवेचे पाईप ताणतात. लाल पाईप निघाला किंवा तुटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात आणि गाडी आडवी असतानाच अडकून बसते. त्याच्या पुढे केबिनचा मागचा कोपरा कंटेनरला टेकतो. शिवाय तीन अ‍ॅक्सलचे टायर आडवे घासतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या तापल्या डांबरावर तर रबराचे काळे पट्टे उमटतात. पुढे घेण्यात कमीपणा मानणारे ड्रायव्हर भेटतील, त्यांच्या गाड्यांचे मागचे कोपरे बघा.

क्लीनरशी आधीच ठरवून घ्या. त्याचा चेहरा आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की ब्रेक, मग कोणी काहीही ओरडो. इशारा एकाच माणसाचा. बाजार समितीत कांद्याच्या हंगामात चार हमाल चारही बाजूंनी ‘येऊ दे, येऊ दे’ करतात आणि ‘बास’ धडकल्यावर येतं. क्लीनरने अंतर हातांत सांगावं: चार हात, दोन हात, एक हात. आणि त्याला ट्रेलर आणि भिंत यांच्या मधे कधीही उभं करू नका. सुरुवातीला तर प्रत्येक वेळी स्वतः उतरून बघा, आणि वरही बघा. हाय-क्यूब (नेहमीपेक्षा उंच) कंटेनर ट्रेलरवर सव्वाचार ते साडेचार मीटरपर्यंत जातो, शेडचा पत्रा किंवा वीजतार आरशात दिसत नाही. संध्याकाळी शेपूट पश्चिमेला असेल तर सूर्य थेट आरशात येतो, तेव्हा दहा मिनिटं थांबलेलं बरं.

क्लीनर साइडने लावणं महिना-दोन महिने टाळा. गल्लीला वळसा घालून, दुसऱ्या गेटने, कसंही करून दार ड्रायव्हर साइडला आणा. टाळताच येत नसेल तर आणखी तिरकी मांडणी करा, कोन कमी ठेवा, डावी काच खाली घ्या आणि दर दोन-तीन मीटरला उतरा.

दाराला टेकायच्या आधी ४ मीटरवर थांबून कंटेनरची दारं उघडा. सील माल उतरवून घेणाऱ्याच्या समोरच तोडा, दारं पूर्ण मागे वळवून बाजूच्या हुकांत अडकवा. शेजारी गाडी लागलेली असेल तर उघड्या दारांची जाडी धरून अंतर बघा. शेवटचा अर्धा मीटर ब्रेकवर पाय ठेवून, दाराखालच्या रबराला टेकल्याचा हलका धक्का बसेपर्यंत. मग पार्किंग ब्रेक आणि चाकांना ठोकळे, कारण फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना रिकामा होत जाणारा ट्रेलर हळूहळू पुढे सरकतो.