भाषा-शंका : ‘प्राउस’ म्हणजे लढाईचा घोडा?

प्रश्न : ‘जे सौम्य ते धन्य’ या बायबलमधल्या येशूच्या वचनावर आमच्याकडे प्रवचन झालं. वक्ते म्हणाले, मूळ ग्रीक शब्द ‘प्राउस’ हा लढाईसाठी तयार केलेल्या घोड्याला लावत. खरं का? की सौम्य म्हणजे मुकाट सोसणारा?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : घोडा आहे, लढाई मात्र वक्त्यांनी पदरची घातली. झेनोफन हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहिणारा, घोड्यांत मुरलेला ग्रीक माणूस. अश्वविद्येवरच्या छोट्या पुस्तकात तो बजावतो, की शिंगरू शिकवणाऱ्याच्या ताब्यात देताना ‘प्राओस’ (‘प्राउस’चंच अथेन्सकडचं रूप) आणि माणसाळलेलं हवं. म्हणजे शिक्षण सुरू होण्याआधीच! त्यासाठी मोतद्दारानं काय करावं? भूक, तहान आणि गोमाशा एकटेपणी छळतात, दाणापाणी आणि सुटका माणसाकडून मिळते, हे शिंगराच्या मनात बसवावं. यात रणभूमी कुठं आली? तोच शब्द माणसांनाही सर्रास लावत.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं ‘निकोमाखियन एथिक्स’ या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात ‘प्राओतेस’ (‘प्राओस’ असणं, म्हणजे सौम्यपणा) हा गुण थेट रागाच्या खात्यात टाकलाय. योग्य कारणासाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच वेळ रागावणारा तो सौम्य. स्वतःचा नि आपल्या माणसांचा अपमान गिळून बसणं ॲरिस्टॉटलला गुलामी वृत्तीचं वाटतं. तरी प्रामाणिकपणे कबूल करतो, की फार रागावणं आणि मुळीच न रागावणं यांच्या मधल्या या स्थितीला नेमकं नावच नाही. ‘प्राओतेस’ हा शब्द जरा कमी रागाकडेच झुकतो. सौम्य माणूस सूड घेण्यापेक्षा समजून घेईल, असंही म्हणतो. तेव्हा ‘सौम्य’ हे मराठी भाषांतर मला तरी खटकत नाही.

खरी गंमत तो रागीट माणसांची वर्गवारी करतो तिथं आहे. शीघ्रकोपी त्याला परवडतात: भडकले, बोलले, मोकळे झाले. डूख धरणारे मात्र कठीण. त्यांचा राग वर दिसतच नाही, म्हणून कुणी समजूत घालायला जात नाही, आणि आतल्या आत राग पचायला फार वेळ लागतो. असा माणूस स्वतःला आणि जिवलगांना सर्वांत जास्त ताप देतो, असं त्याचं निरीक्षण. हा उतारा वर्गात वाचला, की कुणी ना कुणी हळूच आपल्या सासऱ्यांचं नाव घेतंच.