प्लॅस्टिकचा कॅमेरा आणि ड्रॉवरमध्ये राहिलेला रोल

स्वस्त फिल्म कॅमेऱ्यांबद्दल पत्रं वाढली आहेत, पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि त्यांच्यामागे ऐकीव माहितीही तीच असते. म्हणून नेहमीच्या शंकांना इथे एकत्र उत्तरं देत आहे.

मोबाईलमध्ये जुन्या फोटोंचे फिल्टर असताना लोक होल्गासारखा प्लॅस्टिकचा डबा का विकत घेतात? हे फॅडच ना?

फॅड चाळीस वर्षं टिकत नाही. होल्गा 1982 साली हाँगकाँगमध्ये आला. डायना त्याच्याही आधीचा, साठच्या दशकातला आणि तिथलाच. दोन्हींची लेन्स म्हणजे प्लॅस्टिकचं साधं भिंग. चित्र मधोमध बऱ्यापैकी स्पष्ट येतं, कडेकडे विरघळत जातं आणि कोपरे काळवंडतात. 2000 सालच्या अमेरिकी निवडणूक प्रचारात डेव्हिड बर्नेट या नावाजलेल्या वृत्तछायाचित्रकारांनी अल गोर यांचा फोटो होल्गावर काढला आणि व्हाइट हाउसच्या वृत्तछायाचित्रकारांच्या संघटनेने त्याचा गौरव केला. महागडे कॅमेरे हाताशी असलेल्या माणसाने हा डबा उचलला, त्याला कारण होतं. होल्गात शटरचा वेग एकच, साधारण 1/100 सेकंद. फोकससाठी लेन्सवर चार चित्रं आहेत: एक माणूस, छोटं कुटुंब, घोळका आणि डोंगर. तुम्ही ठरवायचं ते एवढंच, की कुठे उभं राहायचं आणि बटण कधी दाबायचं. चौकोनी फोटो काढलेत तर रोलमध्ये बाराच मिळतात. फिल्टर काढलेल्या फोटोवर नंतर चढतो आणि नको असला तर पुसताही येतो. इथे जे उमटलं ते उमटलं. या कॅमेऱ्यांची ओढ त्यातच आहे, आणि मला ती पूर्ण पटते.

होल्गावर सूर्य आणि ढग अशी कळ आहे. ती कशीही फिरवली तरी फोटो सारखेच येतात.

जुन्या होल्गांत त्या कळीने जवळजवळ काहीच बदलत नाही. 400 चा रोल (हा आकडा फिल्मचा वेग, म्हणजे ती प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगतो) घाला आणि ती विसरा.

पूर्ण रोल हललेला आणि पांढरट आला. लेन्स खराब आहे का?

बहुतेक नाही. होल्गावरची एन–बी ही कळ बी वर सरकली असणार. बी वर बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं राहतं. कळ एन वर आणून चिकटपट्टी लावा. तरीही तसंच झालं तर कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

‘काचेची लेन्स, वजनदार बॉडी, प्रोफेशनल’ असा जुना एसएलआर (लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा) फार स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

आधी हातात घेऊन बघा. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेले असे कॅमेरे ढिगाने बनले. त्यांच्या तळाशी धातूचा एक तुकडा बसवलेला असतो. काम काहीच नाही, तो फक्त वजनासाठी. वरचा उंचवटा पोकळ असतो आणि दिसतं ते लेन्समधून नाही, बाजूच्या साध्या खिडकीतून. ही सरळ फसवणूक आहे आणि मला तिचा राग येतो, कारण हाच कॅमेरा खेळणं म्हणून, खेळण्याच्या भावात विकला असता तर त्याला नावं ठेवायचं कारण नव्हतं. तसंच, ‘तपासलेला नाही’ असं लिहिलेला कॅमेरा मी बंद आहे असंच धरतो. लोमो एलसी-एसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत तर ही खात्री आधी करून घ्या. पैसे देण्यापूर्वी एखाद्या दुरुस्ती करणाऱ्याचं मत विचारा.

मुदत संपलेल्या फिल्मला ‘दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त’ हा नियम बरोबर आहे का?

हा नियम नव्हे, अंदाज आहे. (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट प्रकाश.) फिल्म त्या काळात थंडाव्यात होती की उन्हाने तापणाऱ्या कपाटात, यावर सगळं ठरतं आणि विकणाऱ्यालाही ते बहुधा ठाऊक नसतं. 800 किंवा 1600 असे जास्त वेगाचे रोल लवकर बिघडतात, कमी वेगाची कृष्णधवल फिल्म जास्त टिकते. पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाला असा रोल वापरू नका. धुवायला देताना मुदत संपल्याचं लॅबला सांगा.

वापरून झालेला डिस्पोजेबल कॅमेरा घरी उघडून पुन्हा रोल भरता येतो, असं ऐकलं. खरं का?

फ्लॅशवाला असेल तर हात लावू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठतात आणि बॅटरी काढल्यावरही ते उरतात. जबर झटका बसतो. जसाच्या तसा लॅबकडे द्या.

प्रवासात काढलेले तीन रोल चार वर्षांपासून ड्रॉवरमध्ये आहेत. अजून दोन जमले की एकदम धुवायला देईन. लॅब स्कॅन पाठवते, मग निगेटिव्ह परत घ्यायची गरज आहे का?

आजच द्या. आणि निगेटिव्ह घ्याच.

प्रकाश पडतो तेव्हा फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या कणांत चांदीच्या मोजक्या अणूंचे पुंजके तयार होतात. धुण्याआधी तुमचा फोटो म्हणजे एवढेच पुंजके. उष्णता आणि दमटपणाने ते विस्कटत जातात, आणि ज्या कणांवर प्रकाश पडलाच नव्हता तेही धुताना काळे होऊ लागतात. रंगीत फिल्मचे थर एकाच वेगाने जुने होत नाहीत, म्हणून रंगही एकीकडे झुकतात. फिल्म बनवणारे सांगतात की रोल संपला की लवकर धुऊन घ्या. ते कुणी वाचत नाही. रंगीत रोल धुताना डेव्हलपरमध्ये जेमतेम सव्वातीन मिनिटं राहतो, आणि तेवढ्यासाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात. मग फिकट फोटो घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, स्वस्त कॅमेरा, दुसरं काय होणार! कॅमेऱ्याने त्याचं काम केलेलं असतं.

आता निगेटिव्ह. स्कॅन म्हणजे त्या दिवशी, त्या यंत्राने, त्या माणसाने लावलेला अर्थ. लॅबचं यंत्र उजेड आणि रंग आपल्या मनाने ‘दुरुस्त’ करतं, आणि विचित्र कॅमेऱ्याच्या फोटोंत नेमकी तीच दुरुस्ती नको असते. निगेटिव्ह हातात असलं तर पुन्हा स्कॅन होतं, हाताने प्रिंटही करता येते.

त्यात तुमच्या कॅमेऱ्याचं दुखणंही दिसतं. पट्टी खिडकीसमोर धरा. काळा ओघळ चौकट ओलांडून फिल्मच्या काठापर्यंत गेला असेल तर प्रकाश मागच्या झाकणातून शिरला. ओघळ चौकटीतच अडला असेल तर लेन्सच्या किंवा शटरच्या बाजूने. पहिल्यावर इलाज चिकटपट्टी, दुसऱ्यासाठी दुरुस्ती करणारा गाठावा लागतो. नुसत्या स्कॅनमध्ये चौकटीबाहेरचं काहीच येत नाही, त्यामुळे हा फरक कळायचा मार्ग नाही. न नेलेली निगेटिव्ह काही लॅब ठरावीक मुदतीनंतर टाकून देतात. देतानाच मुदत विचारा आणि ‘परत हवीत’ असं लिहून द्या. घरी आणल्यावर पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवा, पीव्हीसीच्या नको. रबर लावून गुंडाळी तर करूच नका.

चार वर्षांच्या रोलमध्ये काय उरलं असेल ते धुतल्यावरच कळेल. तो किती जुना आहे हे लॅबला सांगून एक रोल आधी धुऊन घ्या, तो पाहून बाकीचे कसे धुवायचे ते त्यांच्याशी ठरवा.

सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल स्वस्त पडतात. कुठल्याही लॅबला देता येतात का?

नाही. पाठीवर काजळीचा थर असेल तर तो नेहमीच्या रसायनात सुटतो आणि दुसऱ्यांचे रोलही खराब करतो. न सांगता देऊ नका. विकणारे ही गोष्ट बारीक अक्षरांत छापतात, काही तर छापतही नाहीत.

विमानतळावर रोल कुठे ठेवू?

हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या सामानात कधीच नाही. पिशव्या तपासणाऱ्या नव्या सीटी एक्स-रे यंत्रातून एकदा गेलेला रोलही धुरकट होऊ शकतो. पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. कॅमेऱ्यात रोल असेल तर तोही सांगा.